फ्रिजच्या जागी टेबल

मैत्रिणींनो, आज एक चौकशी करते, राग मानू नका. तुमच्या घरात सगळ्यात चांगला उजेड कुठं पडतो, आणि त्या जागी काय ठेवलंय? उठा, बघून या. मी थांबते.

कुणाकडे तिथं टीव्ही असेल, कुणाकडे पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला सोफा. आमच्या शुक्रवार पेठेत माझ्या शेजारच्या वाड्यात त्या जागी फ्रिज होता. आणि त्या घरातली सून रोज चार-पाच तास डोळे फोडून लोकांचे हिशेब लिहायची, ती बसायची माजघरातल्या अंधारात, पलंगावर, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप घेऊन.

वाडा जुना, माळवदाचा. भिंती दीड-दीड हात जाड. वाटण्या होता होता या घराच्या वाट्याला पुढचा सोपा, माजघर आणि स्वयंपाकाची खोली एवढंच उरलंय. त्यात सासूबाई, नवरा-बायको आणि दोन मुलं. सून बी.कॉम. आहे, लग्नाआधी एका करसल्लागाराकडे कामाला होती. धाकटा झाला आणि नोकरी सुटली. मग २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली, नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला, तेव्हा तिनं ओळखीच्या दोन दुकानदारांचे हिशेब घरून करायला घेतले. दोनाचे सहा झाले. टॉवेलचे दोन छोटे कारखानदार, एक किराणा, एक औषधांचं दुकान, असे. नवऱ्याचा पगार पुढं पूर्ववत झाला, पण हिचं काम काही तिनं सोडलं नाही. थोरलीची शिकवणी आणि गॅसचा खर्च तिच्याच पैशांतून निघतो.

तर ती गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी माझ्याकडे आली. मान एका बाजूला धरलेली. "काकू, शेकायची पिशवी आहे का हो? आणि थोडं बसू का इथं?" पिशवी दिली, ताकही दिलं. मग रडायलाच लागली.

झालं होतं असं. जीएसटीचं गणित तुमच्यापैकी ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना ठाऊक आहे. दर महिन्याला भरणाऱ्या व्यापाऱ्याला ११ तारखेपर्यंत विक्रीचं विवरण आणि २० तारखेपर्यंत करासह रिटर्न भरावं लागतं. त्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या खरेदीच्या बिलांचा गठ्ठा तिनं पलंगाखाली ठेवला होता. दुसरी जागा तरी कुठं होती? सासूबाईंनी आवरायला काढलं आणि वर्तमानपत्रांबरोबर तो गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत गेला. पाच रुपयांची रद्दी झाली असेल. बिलांच्या दुसऱ्या प्रती गोळा करण्यात तीन दिवस गेले, रिटर्न तीन दिवस उशिरा भरलं गेलं, दिवसाला ५० रुपयांप्रमाणे लेट फी लागली आणि वर व्याज. रक्कम फार नव्हती, तिनं पदरची भरली. पण दुकानदार म्हणाला, "ताई, घरातून जमत नसलं तर सांगा, दुसरीकडं देतो काम."

हे तिला लागलं. आणि घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कागदं सांभाळायला काय होतंय? दिवसभर बसूनच असती की!" ते त्याहून लागलं.

आता एक सांगते, सासूबाई वाईट नाहीत. पलंगावर बसलेली बाई ही आपल्या डोळ्यांना बसलेलीच दिसते. टेबलाशी बसलेला माणूस काम करताना दिसतो, पलंगावरचा लोळताना. तिच्या मुलांनाही आई "मोबाईलसारखं काहीतरी बघत्येय" असंच वाटायचं, म्हणून ती दर पाच मिनिटांनी येऊन काहीतरी मागायची. मी स्वतः कितीतरी वर्षं हे सदर पोळपाटाशेजारी बसून लिहिलंय. संपादकांकडे गेलेल्या मजकुरावर फोडणीचे डाग असायचे आणि घरात कुणालाही, अगदी मलासुद्धा, ते "लिहिणं" वाटायचं नाही.

आणि गंमत बघा, हे घडतंय कुठं, तर सोलापुरात! घरात बसून पोट भरणं या गावाला काही नवं नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी माग घरातच असायचा. खड्डा-माग ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, विणकर जमिनीला बसायचा आणि पाय खाली खड्ड्यात सोडायचा, पायट्या तिथं असत. म्हणजे बसणाऱ्याच्या अंगाला माप घेऊन घराची जमीन खणलेली. उजेडाची जागा मागाला, उरलेल्या जागेत संसार. पूर्व भागात पुढं यंत्रमाग आले तरी कित्येक घरांत पुढं खडखडाट आणि मागं चूल अशीच मांडणी राहिली. आणि विड्या वळणाऱ्या बायका? मांडीवर सूप, सुपात पानं नि जर्दा, आणि बसायची जागा उंबऱ्याशी किंवा ओट्यावर, कारण उजेड तिथं. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं तर घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार म्हणूनच धरलं. कायद्याला जे दिसलं ते घरच्यांना दिसायला इतका वेळ का लागतो, मला कळत नाही. त्या बायकांच्या पाठी-कंबरेचे हाल होतातच, ते मी काही गोड करून सांगत नाही. पण काम आहे तर त्याला जागा हवी, हे त्यांच्या घरात कुणाला पटवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन त्यांच्या घरी गेले. हल्ली मासिकांत नि मोबाईलवर घरच्या ऑफिसची फार देखणी चित्रं येतात. पांढरी भिंत, पांढरं टेबल, एक हिरवं रोप, कॉफीचा कप. त्या चित्रातल्या बाईला सासू नाही, दूधवाला नाही आणि नळाला पाणी येण्याचा दिवस नाही. त्यामुळे ती चित्रं बाजूला ठेवली आणि घर बघितलं. सोप्यात चौकाच्या दाराशी उत्तरेचा उजेड येतो, सबंध दिवसभर, डोळ्यांवर न येणारा. तिथं फ्रिज.

मी सासूबाईंना सहज विचारलं, "आत्या, तुमचं शिलाईचं मशीन कुठं असायचं हो?"

"हितंच की," त्या म्हणाल्या. "फ्रिज हाय न्हवं, तितं. ह्यो दरवाजा डावीकडं घेऊन बसायची मी. सुईत दोरा ओवायला दिवा लागायचा न्हाई."

तुम्हाला माहीत नसेल, या आत्यांनी वीस-बावीस वर्षं पेठेतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. मोतीबिंदूनंतर मशीन बंद झालं, माजघरात गेलं, त्यावर गाद्या चढल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत फ्रिज आला. मी विचारलं, तेव्हा तुमच्या कात्रीला कुणी हात लावायचं का? आत्या म्हणाल्या, "हात लावला आस्ता तर हात मोडला आस्ता." आणि मग जरा वेळ गप्प बसल्या. सूनबाईंनीही काही म्हटलं नाही, मीही नाही. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा त्याला फ्रिज सरकवायला आत्यांनीच लावलं.

फ्रिज माजघरात गेला. त्याला उजेडाचं काय करायचंय? फक्त भिंतीला चिकटवू नका, मागं चार बोटं जागा सोडा, आणि त्याच्यासाठी अर्थिंग असलेलं तीन पिनांचं पॉइंट वायरमनकडून नीट करून घ्या. जुन्या वाड्यांतली वायरिंग फार जुनी असते. एका पॉइंटवर फ्रिज, मिक्सर आणि लॅपटॉप असं त्रिकूट लटकवू नये.

आता टेबल. आपण ओटा बांधताना गवंड्याला उभं करून माप देतो, "माझ्या कंबरेएवढा हवा" म्हणून भांडतो. पण टेबल-खुर्ची मात्र बाजारात मिळेल ती घेतो. बाजारातलं लिहायचं टेबल साधारण २९-३० इंच उंच, खुर्चीची बैठक १७-१८ इंच. हे माप उंच माणसाचं. आपल्यातली पाच फुटांची बाई त्यावर बसली की पाय अधांतरी, खांदे कानाशी. दिवसभरानं मान धरली तर नवल काय? तेव्हा माप असं घ्या. खुर्चीत टेकून ताठ बसा, हात अंगालगत सोडा, कोपरात काटकोन करा. कोपर जमिनीपासून जितकं उंच, तितकी टाइप करायच्या टेबलाची उंची. टेबल त्याहून उंच असेल तर एकतर पाय कापा, नाहीतर बैठक उंच करून पायाखाली काहीतरी घ्या. आपला जेवायचा पाट त्याला उत्तम.

आमच्याकडे पाटाचीही गरज पडली नाही. टेबल म्हणून आत्यांच्या मशीनचाच लोखंडी सांगाडा घेतला. वरचं मशीन उचलून, तेल पुसून, फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं (विकायचं नाही, असा आत्यांचा हुकूम आहे), आणि सुतारानं वर प्लायवूडची फळी बसवून दिली. खुर्ची साधी प्लास्टिकची, बैठकीवर सोलापुरी चादर चौपदरी घडी करून. बैठक दोन-तीन इंच वर आली, हात फळीच्या बरोबरीनं आले, आणि पाय? पाय मशीनच्या पायडलवर! चाकाचा पट्टा काढून टाकला आणि पायडल हलू नये म्हणून खाली लाकडाची पाचर मारली. लहान मुलं आहेत म्हणून चाकाच्या बाजूला पत्रा ठोकला. पाठीला कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी करून बांधली. टॉवेल आणि चादर दोन्ही गावचंच. मागच्या जागी दोन-अडीच हजारांची फिरती खुर्ची नंतर घेता येईल, नाही घेतली तरी चालेल.

लॅपटॉपचं एक वाईट असतं. हातासाठी तो बरोबर उंचीवर आला की डोळ्यांना खाली पडतो, आणि डोळ्यांसमोर आणला की हात वर जातात. म्हणून वेगळा की-बोर्ड आणि माउस घ्यावाच, या एका गोष्टीत काटकसर करू नका. मग लॅपटॉप उचलून खाली जुने दिवाळी अंक रचायचे, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. तिच्याकडे सात अंक लागले. दुहेरी काचांचा चष्मा असेल तर मात्र थोडा खालीच ठेवा, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि पुन्हा मान धरते. स्क्रीन हातभर लांब. आणि उशीवर लॅपटॉप कधीच नको, खालची हवा जायची भोकं बुजतात आणि तो तापतो.

दार किंवा खिडकी बाजूला घ्या, पाठीशीही नको नि समोरही नको. पाठीशी घेतली तर स्क्रीनमध्ये खिडकीच दिसते, समोर घेतली तर डोळे दिपतात. उजव्या हातानं लिहिणारीनं डावीकडून उजेड घ्यावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. हे आत्यांना न शिकवता ठाऊक होतं. उत्तरेच्या दाराबद्दल एक बारीक गोष्ट: सोलापुरात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेकडूनही आत येतं. तेवढ्या दिवसांपुरता एक पातळ सुती पडदा लावला की झालं.

उन्हाळ्याचं तुम्हाला मी काय सांगावं! मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत असं त्यांच्या कंपन्याच सांगतात. माळवदाच्या जाड भिंती दुपारी थंड राहतात, दिवसभराची उष्णता त्या रात्री सोडतात. तेव्हा वाड्यात राहणाऱ्यांनी दुपारचं काम खालच्या सोप्यातच करावं, वर पत्र्याची खोली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर असाल तर कामाचं ओझं सकाळीच उतरवा, पश्चिमेची खोली दुपारनंतर टाळा, गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. कूलर आपल्याकडच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, पण समोरची खिडकी उघडी ठेवली तरच. आणि त्याचा झोत कागदांवर नि वायरींवर नको. पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपतो, उलट घर दमट होतं.

त्याच जाड भिंतींनी आणखी एक घोटाळा केला. वाय-फायचं यंत्र माजघरात होतं आणि दीड हात मातीतून त्याचा सिग्नल सोप्यात येईना. इंटरनेटवाल्यानं दोन नवी यंत्रं घ्यायला सांगितली. शेवटी जुनंच यंत्र दाराच्या चौकटीवर खिळा ठोकून टांगलं, दोन्ही खोल्यांना सरळ रेषेत, आणि काम भागलं. वीज गेल्यावर यंत्र चालू राहावं म्हणून छोटी बॅटरी मात्र घ्यावी लागली. २० तारखेला सगळा देशच शेवटच्या तासाला रिटर्न भरायला बसतो, त्यात वीज जाऊन चालत नाही. खरं तर तिनं आता १८ तारीखच शेवटची धरली आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ९ आणि १८ ला लाल गोल, आणि पाणी येण्याच्या दिवसांना निळा गोल. निळ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी बसतच नाही, कारण त्या दिवशी घागरी-पिंपांपुढं कुणाचं काही चालत नाही.

वेळेचं मी फार ताणत नाही, कारण प्रत्येकीचं घर वेगळं. तिनं दुपारी साडेबारा ते चार ठरवलेत. पहिले पंधरा दिवस कुणी पाळले नाहीत. धाकटा येऊन पायडलवरच बसायचा. मग थोरलीनं युक्ती काढली. आई टेबलाशी बसली की दाराच्या कडीला आत्यांची मोजपट्टी अडकवायची, पट्टी असेपर्यंत आईला हाक मारायची नाही. दूध उतू गेलं तर? तर आजीला हाक मारायची. आजींनी याला मान डोलावली हे मला महत्त्वाचं वाटतं. टेबल-खुर्ची काय, पैसे टाकून येते. सगळा खर्च, की-बोर्ड, माउस, सुतार, वायरमन आणि बॅटरी धरून, पाच हजारांच्या आत झाला, आणि तो तिनं स्वतःच्या कमाईतून केला.

चांगली खुर्ची मिळाली म्हणून चार तास न हलता बसू नका, ही माझी सगळ्यांनाच विनंती. अर्ध्या तासानं उठा. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस फूट लांबचं काहीतरी वीस सेकंद बघा, डोळ्यांच्या स्नायूंना विसावा मिळतो. तिच्या टेबलावरून चौकातली तुळस बरोबर तेवढ्या अंतरावर आहे. मानेचं दुखणं महिन्याभरात पुष्कळ उतरलं. बोटांना मुंग्या येणं मात्र राहिलं होतं, म्हणून तिला डॉक्टरांकडे पाठवलं. तुमच्यापैकी कुणाला रात्री बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर तेल चोळत बसू नका, दाखवून या.

राहिले कागद. जीएसटीची बिलं आणि वह्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं सांभाळाव्या लागतात. मातीच्या भिंतींच्या घरात वाळवी हा मोठा शत्रू, तेव्हा कागद भिंतीतल्या फडताळात नकोत. पत्र्याची ट्रंक घ्या, चार विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, आणि पावसाळ्याआधी एकदा सगळं उन्हात काढा. आत्यांनी शिलाईच्या उरलेल्या तांबड्या कापडाची सहा बासनं हातानं शिवून दिली, गिऱ्हाइकागणिक एक. परवा रद्दीवाला आला तर त्यांनी वर्तमानपत्रं स्वतः उलटसुलट करून त्याच्या तराजूत टाकली, आणि तो ट्रंकेकडं बघायला लागला तेव्हा त्याला चांगलंच झापलं. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालणार असाल तर मलमलच्या पुरचुंडीत बांधून घाला आणि कुलूप लावा, लहान मुलं त्या पेपरमिंट समजून तोंडात घालतात.